फळावरचा शिक्का

१९ जुलै १९८४ ची गोष्ट. डब्लिनमधल्या हेन्री स्ट्रीटवरच्या ‘डन्स स्टोअर्स’मध्ये गल्ल्यावर बसलेल्या मेरी मॅनिंगनं ‘आउटस्पॅन’ शिक्क्याच्या ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला. फळं वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतली होती आणि तिथला माल हाताळायचा नाही, असं तिच्या कामगार संघटनेनं ठरवलं होतं. तिला निलंबित केलं, तसे मोजके सहकारीही तिच्याबरोबर बाहेर पडले. संप जवळजवळ तीन वर्षं चालला. १९८७ मध्ये आयर्लंडनं दक्षिण आफ्रिकेतल्या फळं-भाज्यांची आयातच बंद केली.

अशा बहिष्कारानं मळ्यातल्या गरीब मजुराच्याच पोटावर पाय येतो, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण बहिष्काराची हाक दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधी चळवळीनंच दिली होती. त्या चळवळीतले बिशप डेझमंड टूटू तर या संपकऱ्यांना आवर्जून भेटले. मजुराच्या नावानं गळा काढणाऱ्या दुकानदारापेक्षा मजुराचा शब्द मोठा मानायला हवा. मुद्दा खरं तर याहून साधा आहे: फळावर शिक्का होता, म्हणून नकार देता आला. निनावी फळ कुणाच्या घामाचं, हे कळणार कसं? देशाचं नाव म्हणजे रास्त मजुरीचा दाखला नव्हे, हे कबूल. पण प्रश्न विचारायला तेवढं पुरतं. आपल्याकडेही आयात केलेल्या पॅकबंद मालावर मूळ देश छापणं बंधनकारक आहे. तो छापलेला दिसला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या: १९१५.