हसण्याचीही मजुरी असते



तुमच्यापैकी बरेच जण मॉलमध्ये, हॉटेलात, कॉल सेंटरमध्ये किंवा डिलिव्हरीच्या कामावर आहात. मीही चार वर्षे कॉल सेंटरमध्ये काम केले. पलीकडचा माणूस शिव्या देत असला तरी आवाजात हसू ठेवायचे, असा नियम होता. शिफ्ट संपल्यावर घरी कुणाशी दोन शब्द बोलावेसे वाटत नसे. अम्मी विचारायची, "एसीत बसून कसला रे एवढा थकवा?"

त्या थकव्याला नाव आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिले. पगारासाठी स्वतःची भावना दाबायची आणि गिऱ्हाइकाला हवी ती दाखवायची, याला त्यांनी 'भावनिक श्रम' म्हटले. हमालाची पाठ दुखते, तसे इथे मन दुखते. पाठीचे दुखणे लोकांना कळते, मनाचे कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट'चा संबंध कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाशी जोडला. म्हणजे दोष आधी कामाच्या पद्धतीत शोधायचा, तुमच्या स्वभावात नाही.

केरळमधल्या कोझिकोडचे उदाहरण घ्या. तिथल्या दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रिया दिवसभर हसतमुखाने उभ्या असत. गिऱ्हाईक नसले तरी बसायची परवानगी नव्हती. पी. विजी यांच्या पुढाकाराने त्यांनी 'पेनकूट्टू' ही संघटना बांधली. आधी स्वच्छतागृहासाठी लढल्या, मग बसण्याच्या हक्कासाठी. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून तो हक्क दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही दिला.

आपल्या घरांत सांगतात, "सबर कर." सबर हा मोठा गुण आहे, पण मालकाने तो फुकटात वापरावा असा त्याचा अर्थ नाही. शिवीगाळ झाली तर फोन ठेवण्याची मुभा, त्यानंतर पाच मिनिटांची विश्रांती, हक्काची साप्ताहिक सुट्टी, एका वाईट रेटिंगवरून पगार न कापणे, या मागण्या साध्या आहेत. एकट्याने केल्या तर तक्रार ठरतात, दहा जणांनी मिळून केल्या तर बोलणी सुरू होतात. आणि झोपच उडाली असेल तर डॉक्टरकडे जा. त्यात लाज कसली?

शेवटी एकच. आपणही रोज कुणाचे तरी गिऱ्हाईक असतो. दारात पार्सल घेऊन आलेला मुलगा हसला नाही, तर त्याचे रेटिंग कापू नका. त्याला पाणी विचारा.