स्पर्धेच्या पिस्तुलाची स्प्रिंग : निवड आणि पारख

(क्रीडाशिक्षक व नेमबाजी-मार्गदर्शक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

नेमबाजी हा नजरेचा आणि एकाग्रतेचा खेळ मानला जातो. तो तसा आहेच. परंतु ज्या प्रकारांत ठरावीक सेकंदांत लागोपाठ फैरी झाडाव्या लागतात, तेथे हातातील यंत्राची शिस्तही तितकीच महत्त्वाची ठरते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी २५ मीटर जलदगती पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविले. या प्रकारातील सर्वांत वेगवान मालिकेत पाच लक्ष्यांवर पाच फैरी अवघ्या ४ सेकंदांत झाडायच्या असतात. अशा वेळी एक काडतूस अडकले, तर वर्षभराचा सराव वाया जाऊ शकतो. हे टाळणाऱ्या घटकांपैकी एक साधा पण दुर्लक्षित घटक म्हणजे पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग होय.

स्प्रिंगचे कार्य

बार उडताच पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, वेगाने मागे जातो. जाताना तो रिकामी पुंगळी बाहेर फेकतो व स्प्रिंग दाबतो. नंतर दाबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. त्या वाटेवर मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत जाते आणि पिस्तूल पुन्हा सज्ज होते. स्प्रिंग धक्का नाहीसा करीत नाही. तो हातापर्यंत केव्हा आणि कसा पोचावा, एवढेच ती ठरविते.

स्प्रिंगवर लिहिलेले पौंड हे तिचे स्वतःचे वजन नव्हे. स्लाइड पूर्ण मागे असताना स्प्रिंग जेवढा जोर लावते, त्याचे ते माप असते.

जड आणि हलकी

स्प्रिंग प्रमाणाबाहेर जड असेल, तर स्लाइड पुरेशी मागे जात नाही. पुंगळी दारातच अडकते किंवा नवे काडतूस उचललेच जात नाही. शिवाय परतताना स्लाइड जोराने आदळते व नळीचे तोंड खाली झुकते. स्प्रिंग फार हलकी असेल, तर स्लाइड मागे सांगाड्यावर आपटते, पिस्तुलाची झीज वाढते आणि परतीचा जोर अपुरा पडून काडतूस नीट बसत नाही. म्हणजे जाण्याचा व येण्याचा असे दोन्ही प्रवास तोलूनच निवड केली पाहिजे.

अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेले, जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्याचे .४५ पिस्तूल हे याचे उत्तम उदाहरण आहे. २३० ग्रेन, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम वजनाच्या गोळीच्या नेहमीच्या काडतुसासाठी त्यात १६ पौंडांची, म्हणजे सुमारे ७.३ किलो जोराची स्प्रिंग असते. तेथील लक्ष्यवेधी नेमबाज १८५ ग्रेनची, कमी वेगाची गोळी वापरतात, तेव्हा १२ पौंडांच्या आसपासची स्प्रिंग बसवितात. पिस्तूल तेच राहते. काडतूस बदलले म्हणून स्प्रिंग बदलते. त्यामुळे दुसऱ्या नेमबाजाचा आकडा उसना घेऊन चालत नाही. स्लाइडचे वजन, घोड्याच्या स्प्रिंगचा ताण आणि मनगटाची पकड यांचाही त्यावर परिणाम होतो.

पारख कशी करावी

प्रारंभ कारखान्याने दिलेल्या स्प्रिंगपासून करावा. स्पर्धेत वापरायचे काडतूस आधी निश्चित करावे आणि मग एका वेळी एक-दोन पौंडांचाच फरक करावा. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून बार उडविल्यावर स्लाइड मागे अडकून राहते काय, हे प्रथम पाहावे. त्यानंतर पूर्ण भरलेले मॅगझिन, एका हाताची पकड, किंचित सैल मनगट आणि बऱ्याच फैरींनी मळलेले पिस्तूल अशा प्रत्येक स्थितीत चाचणी घ्यावी. पुंगळ्या एकसारख्या अंतरावर पडाव्यात. या चाचण्यांत उतरलेल्या स्प्रिंगांपैकी जिच्यामुळे माशी बारानंतर आपोआप मूळ जागी परतते, ती त्या नेमबाजाची स्प्रिंग समजावी. धक्का सौम्य वाटला, एवढ्यावरून निर्णय घेऊ नये. विश्वासार्हतेचा मान पहिला.

स्प्रिंग वापराने थकते व आखूड होते. तिच्यावर झालेल्या फैरींची नोंद वहीत ठेवावी, नव्या स्प्रिंगशी तिची लांबी ताडून पाहावी आणि बदललेली स्प्रिंग सरावात पूर्ण पारखल्याशिवाय स्पर्धेत नेऊ नये.

सुरक्षितता

मॅगझिन काढून आणि नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करूनच पिस्तूल उघडावे. शस्त्रांची दुरुस्ती व फेरबदल यांवर शस्त्र अधिनियम, १९५९ चे नियंत्रण आहे. म्हणून हे काम परवानाधारक कारागिराकडून व प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे.

पदक नेमबाजाच्या हाताला मिळते, स्प्रिंगला नव्हे. परंतु पिस्तूल प्रत्येक वेळी तसेच वागेल, ही खात्री असलेला नेमबाजच आपले सारे लक्ष लक्ष्यावर ठेवू शकतो. ती खात्री सरावाच्या मैदानावर, वहीतील नोंदींतून आणि धीराने मिळवावी लागते. विद्यार्थ्यांना ही सवय पहिल्या वर्षापासून लावणे, हे मार्गदर्शकाचे कर्तव्य होय.