डोळ्यातले धुके मोजताना

युव्हिआयटिस हा डोळ्याच्या आतल्या सुजेचा आजार आहे. कधी त्यात डोळा लाल होऊन ठणकतो, उजेड सहन होत नाही. कधी मात्र काहीच दुखत नाही, फक्त समोर ठिपके तरंगू लागतात आणि दिसणे धुरकट होते. या दुसऱ्या प्रकारात सूज डोळ्याच्या मागच्या भागात असते. डोळ्याच्या पोकळीत जो पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो, त्यात पेशी आणि प्रथिने झिरपतात आणि तो गढूळ होतो. उपचार बहुधा स्टेरॉइडने सुरू होतात. औषध कमी पडले तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) कायमची हानी होऊ शकते. जास्त झाले तर मोतीबिंदू, काचबिंदू आणि रक्तातली साखर वाढणे हे धोके आहेतच. म्हणून दर भेटीत एकाच प्रश्नाचे उत्तर लागते : मागच्या वेळेपेक्षा सूज कमी झाली की वाढली? हे उत्तर नुसत्या आठवणीवर किंवा केसपेपरवरच्या दोन शब्दांवर सोडू नये, पडद्याचा फोटो काढून द्यावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

फोटोत नेमके काय पाहायचे? दृष्टीची नस जिथून डोळ्यात शिरते, तिथे पडद्यावर एक फिकट केशरी चकती दिसते आणि तिच्यातून लाल रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या फुटतात. निरोगी डोळ्यात या चकतीची कडा रेखीव असते. गढूळपणाचे हे धुके हलके असेल तर कडा किंचित पुसट होते. वाढले की वाहिन्या पुसट होतात, आणि फार दाटले की चकतीच हरवते. 1985 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेतल्या रॉबर्ट नुसेनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खुणांवरून शून्य ते चार अशी श्रेणी ठरवली. तिच्यासोबत नमुन्याचे फोटोही दिले. पण वापरताना डॉक्टर रुग्णाचा डोळा प्रत्यक्ष पाहतात आणि नमुन्याशी मनातल्या मनात ताडून अंक देतात. दोन अनुभवी तज्ज्ञांच्या अंकांत त्यामुळे एका पायरीचा फरक सहज पडतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार तर दोन पायऱ्या उतरल्या किंवा धुके पूर्ण गेले, तरच ती सुधारणा. मग दोनवरून एकवर आलेल्या रुग्णाचे काय? त्याला बरे वाटते आहे, आणि वहीत त्याची सुधारणा मोजलीच जात नाही. 2010 साली मायामीतल्या तज्ज्ञांनी यावर वाट काढली. धूसरता ठरावीक प्रमाणात वाढवणारे फिल्टर वापरून त्यांनी फोटोंची नऊ पायऱ्यांची मालिका तयार केली. आता रुग्णाचा फोटो त्या मालिकेशेजारी ठेवता येतो. ज्याने रुग्णाला कधी पाहिलेले नाही, असा परीक्षकही अंक देऊ शकतो, आणि शंका आली तर तोच फोटो पुन्हा तपासता येतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की फोटोतले धुके सुजेचेच कशावरून? मोतीबिंदूनेही फोटो धूसर येतो, बाहुली नीट मोठी झाली नसेल तरी येतो, कॅमेरा नीट जुळवला नसेल तरीही येतो. हे अगदी खरे आहे. म्हणूनच फोटो स्लिट लॅम्पच्या, म्हणजे प्रकाशझोत टाकून डोळा मोठा करून पाहण्याच्या, तपासणीसोबत वाचायचा, तिच्याऐवजी नव्हे. पण मोतीबिंदूचा अडथळा डॉक्टरांच्या नजरेलाही असतोच. फोटोने तो नव्याने आणलेला नाही. उलट त्याच डोळ्याचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर उलगडा होऊ लागतो, कारण औषधाने सुजेचे धुके विरते, मोतीबिंदू विरत नाही. अट एवढीच की कॅमेरा, उजेड आणि टिपलेला भाग दोन्ही वेळा सारखा असावा.

दुसरा आक्षेप फोटोच्या आवाक्याचा. नेहमीचा फंडस कॅमेरा 30 ते 50 अंशांचा भाग टिपतो. सूज पडद्याच्या काठावर असेल तर ती निसटते. मध्यबिंदूवर पाणी साचून पडदा किती जाड झाला, हेही सपाट फोटो सांगत नाही. त्यासाठी ओसीटी, म्हणजे पडद्याचा छेद दाखवणारी तपासणी, लागते. या मर्यादा मान्य करूनच मी फोटोची बाजू घेतो. कारण काही गोष्टी फोटो नजरेपेक्षा स्पष्ट दाखवतो. आपल्या देशात क्षयाशी निगडित असलेला, पडद्याखालच्या थरात सापासारखा पसरत जाणारा एक दाह आढळतो. रंग न टोचता काढलेल्या ऑटोफ्लुरोसन्स फोटोत त्याची धगधगती कडा उजळ आणि अंधुक हद्दीची दिसते, बरा झालेला भाग काळा पडतो. कुठे आग विझली आणि कुठे ती पुढे सरकते आहे, हे एकाच चित्रात कळते. क्षयावरची औषधे आणि स्टेरॉइड यांचा मेळ घालताना या माहितीचे मोल फार मोठे आहे.

राहिला खर्च. मधुमेहींच्या पडद्याच्या तपासणीसाठी फंडस कॅमेरे ठिकठिकाणी आलेच आहेत; तोच कॅमेरा इथे चालतो. रुग्णांनीही आपल्या फोटोची प्रत मागून घ्यावी, तिच्यावर तारीख आणि उजवा की डावा डोळा हे लिहिलेले आहे ना, ते पाहावे, आणि गाव किंवा डॉक्टर बदलले तर ती सोबत न्यावी. आणि पहिला फोटो शक्यतो औषध सुरू होण्याआधी काढून घ्यावा, कारण पुढचे सगळे फोटो त्याच्याशीच ताडून पाहायचे असतात.