फौजेतल्या माणसाची नोंद

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला सांगितले, दहा-पंधरा मिनिटे बोला, विषय तुमचा. आम्ही गिरणीत साच्यावर काम केलेली माणसं. शिक्षण म्हणाल तर रात्रशाळेत झालं तेवढं, बाकीचं वाचनालयात. तेव्हा विद्वानासारखं बोलता येणार नाही, पण जे वाचलं, पडताळलं तेवढंच सांगू. विषय असा आहे की, फौजेत ज्याने जिवावर उदार होऊन काम केले त्याचा हुद्दा आणि त्याचे पदक सरकारी कागदावर चुकले, किंवा चढलेच नाही, तर ती नोंद दुरुस्त होते काय? कोण करते? आणि किती वर्षे लागतात?

हा विषय विहारात कशाला, असे कुणाच्या मनात येईल. आपल्या वस्तीत किती घरांच्या भिंतीवर फौजी पोशाखातला आजोबाचा फोटो आहे ते मोजून बघा. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला उभी राहिली. त्याच्या आधी पहिल्या महायुद्धात 1917 साली 111 नंबरची महार पलटण उभारली होती, ती गरज सरल्यावर 1921 साली मोडून टाकली. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रज सरकारने आपली भरतीच बंद केली. म्हणजे बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ ज्या फौजेत सुभेदार झाले, त्या फौजेचा दरवाजा त्यांच्याच जातीच्या पुढच्या पोरांना लावून घेतला. त्या बंदीविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी, ते स्वतः फौजेचे पेन्शनर, 1894 साली अर्ज तयार केला. त्या अर्जात मागणी कसली? आमची भरती पुन्हा सुरू करा, ही.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर शेवटी 'नाक' लागलेली 22 नावे आहेत. ती आज आपण बोट ठेवून वाचतो, कारण ती दगडात कोरली. कागदावरच्या नावांचे तसे नसते. कागद वाळवी खाते, कारकून चुकतो, आणि कधी कधी तर चूक मुद्दाम केलेली असते.

अशी मुद्दाम केलेली चूक कशी असते आणि ती कशी निस्तरली, ते आम्ही अमेरिकेतल्या एका काळ्या सार्जंटच्या गोष्टीवरून सांगणार आहोत. नाव एडवर्ड कार्टर. ऐकून नवल वाटेल, पण हा माणूस लहानपणी कलकत्त्यात वाढला. आईबाप मिशनरी. त्याला हिंदी बोलता यायचे. पुढे कुटुंब शांघायला गेले, तिथे पंधराव्या वर्षी पोरगा चिनी फौजेत शिरला. वय कळल्यावर त्याला काढले. नंतर स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या फॅसिस्टांविरुद्ध तो लढला. हे स्पेन लक्षात ठेवा, पुढे ते त्याला भोवले.

1941 साली कार्टर अमेरिकन फौजेत भरती झाला आणि वर्षभरात स्टाफ सार्जंट झाला. पण त्या काळी अमेरिकेत काळ्यांच्या पलटणी वेगळ्या. बहुतेकांना हमाली, मालगाड्या, स्वयंपाक ही कामे. बंदूक हातात देऊन आघाडीवर पाठवायचे नाही. आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. डिसेंबर 1944 मध्ये जर्मनांनी मोठा हल्ला केला, गोरे शिपाई कमी पडू लागले, तेव्हा फौजेने काळ्या शिपायांना विचारले, आघाडीवर येता काय? चार हजारांच्या वर पुढे आले. मात्र अट होती. ज्यांच्या बाहीवर हवालदारीच्या पट्ट्या होत्या त्यांनी त्या काढून साधा शिपाई व्हायचे. काळ्या सार्जंटने गोऱ्या शिपायाला हुकूम देण्याची वेळ येऊ नये म्हणून ही अट! कार्टरने पट्ट्या काढून दिल्या. मरायला जाण्यासाठी माणसाला आधी हुद्दा खाली ठेवावा लागला, हे आम्ही वाचले त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

23 मार्च 1945 रोजी जर्मनीत श्पायर गावाजवळ तो रणगाड्यावर बसून चालला होता. एका गोदामातून मारा सुरू झाला. तीन साथीदार घेऊन तो उघड्या शेतातून गोदामाकडे निघाला. एक जण लगेच पडला. उरलेल्या दोघांना त्याने मागे फिरायला सांगितले, त्यातला एक वाटेत मेला, दुसरा जखमी. कार्टर एकटा पुढे गेला. पाच ठिकाणी जखमा झाल्या, आडोशाला पडून राहावे लागले. दोन तासांनी आठ जर्मन त्याला पकडायला आले. त्यातले सहा त्याने मारले, दोघांना धरले, आणि त्या दोघांचीच ढाल करून मोकळे शेत ओलांडून परत आला. त्या कैद्यांकडून शत्रूच्या ठाण्यांची मोलाची माहिती मिळाली.

त्याला पदक मिळाले, पण दुसऱ्या क्रमांकाचे, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस. पहिल्या क्रमांकाचे, म्हणजे आपल्याकडे जसे परमवीर चक्र तसे मेडल ऑफ ऑनर, दुसऱ्या महायुद्धात चारशेच्या वर शिपायांना दिले गेले. काळे शिपाई दहा लाखांच्या वर होते, आणि त्या चारशेत त्यांचा एकही नव्हता.

पदकाचे एक वेळ राहू द्या. खरी कुऱ्हाड पुढे पडली. 1949 साली कार्टर पुन्हा भरतीचा कागद भरायला गेला, तर त्याला नाकारले. कारण विचारले, कारण सांगितले नाही. फौजेच्या गुप्तचरांनी त्याच्या नावाची फाईल उघडून ठेवली होती. हा माणूस स्पेनमध्ये लढला, चिनी बोलतो, म्हणजे कम्युनिस्ट असणार, हा संशय. त्याच्याविरुद्ध पुरावा काही सापडला नव्हता. पण फाईलमध्ये एकदा शेरा पडला की पुरावा कोण बघतो? गिरणीत आम्ही हे पाहिले आहे. मस्टरवर नावापुढे मुकादमाने एक खूण केली की माणूस बदलीवाल्यांच्या रांगेत कायमचा मागे राहतो आणि खूण कशाची ते त्याला कुणी सांगत नाही.

कार्टर वर्षानुवर्षे दाद मागत राहिला. वकील केला, पत्रे लिहिली. पोटासाठी टायरच्या कामाला लागला. 1963 साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, वय 46. आपला गुन्हा काय, हे त्याला मरेपर्यंत कळले नाही.

आता दुरुस्ती कशी झाली ते ऐका, कारण आपल्या उपयोगाचे तेच आहे. 1993 साली अमेरिकन फौजेने एका विद्यापीठाकडे अभ्यास सोपवला की काळ्या शिपायांना मोठे पदक का मिळाले नाही. जुने कागद तपासले गेले, नावे निघाली. पदक देण्याची कायद्याची मुदत 1952 सालीच संपली होती, तेव्हा 1996 साली संसदेला ती मुदत शिथिल करावी लागली. 13 जानेवारी 1997 रोजी सात जणांना मेडल ऑफ ऑनर मिळाले. सातातला एकच, व्हर्नन बेकर, जिवंत होता. कार्टरचे पदक त्याच्या मुलाने घेतले.

सरकारला वाटले असेल, झाले, मिटले. पण कार्टरची सून अ‍ॅलीन कार्टर गप्प बसली नाही. पदक दिलेत, मग 1949 साली माझ्या सासऱ्याला हाकलले कशासाठी? तिने माहितीच्या कायद्याखाली गुप्त फाईल मागवली, पान न पान वाचले, आणि पुराव्यानिशी अर्ज केला. नोव्हेंबर 1999 मध्ये फौजेने कुटुंबाची जाहीर माफी मागितली, दुरुस्त केलेली कागदपत्रे दिली आणि राहिलेली पदके दिली, त्यात चांगल्या वर्तणुकीचे पदकही होते. परमशौर्याचे पदक दोन वर्षांपूर्वीच मिळाले होते. तरी आमच्या मते चांगल्या वर्तणुकीचे हे साधे पदक मोठे, कारण त्याने फाईलमधला शेरा खोटा ठरवला.

अमेरिकेत या कामासाठी 1946 च्या कायद्याने नोंद-दुरुस्तीची मंडळे नेमली आहेत. मंडळावर फौजी नव्हे, मुलकी माणसे बसतात. त्याआधी एका शिपायाची नोंद बदलायची तर संसदेत त्याच्यापुरते विधेयक आणावे लागे. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा, न्यायासाठी गरज असेल तर उशीर माफ होतो. मात्र मंडळ असे धरून चालते की सरकारी नोंद बरोबर आहे. चुकीची आहे हे दाखवायचे ओझे अर्जदारावर. भावना चालत नाही. पदकाचा छापील हुकूम, रोजच्या हजेरीचा कागद, दवाखान्याची नोंद, बरोबरच्या शिपायाची शपथेवरची जबानी, हे लागते. आणि त्या देशातही कागद जळतात. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईसच्या दप्तरखान्याला आग लागली, दीड कोटीहून जास्त फौजी फाईली गेल्या. तेव्हापासून तिथले म्हातारे शिपाई पगाराच्या पावत्या जोडून स्वतःची नोकरी सिद्ध करतात.

जिवंतपणी न्याय मिळालेलाही एक आहे. पॅरिस डेव्हिस, काळा कॅप्टन. जून 1965 मध्ये व्हिएतनाममध्ये स्वतः जखमी असताना त्याने जखमी साथीदारांना ओढून आणले, सगळे बाहेर पडेपर्यंत जागा सोडली नाही. मोठ्या पदकाची शिफारस गेली, कागद हरवले. पुन्हा तयार करायला सांगितले, पुन्हा गहाळ! ज्या सार्जंटला त्याने वाचवले होते त्याने पुढे लेखी जबानी दिली, जुने साथीदार वर्षानुवर्षे मागे लागले, आणि 3 मार्च 2023 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, डेव्हिसच्या गळ्यात ते पदक पडले.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्याकडच्या अडचणी निराळ्या आहेत. आजोबा भरती झाले तेव्हा गावचे आडनाव लावले, 1956 नंतर पोरांनी दुसरे लावले. आजीचे माहेरचे नाव एक, लग्नात सासरी ठेवलेले दुसरे, आणि पलटणीच्या दप्तरात तिसरेच. शिपाई जिवंत असतो तोवर पेन्शन येते, कुणी बघत नाही. तो गेला की म्हातारी बँकेत उभी, आणि बँक म्हणते, बाई, कागदावरची बायको तुम्हीच कशावरून?

तेव्हा शिपाई जिवंत असतानाच हे करून घ्या. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम काढा, नाव, हुद्दा, जन्मतारीख, पदके, बायकोचे नाव, एकेक ओळ ताडून बघा. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिताना आर्मी नंबर न चुकता टाका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज करायला मदत करते. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झाले आहे, त्याचे पीठ मुंबईतही आहे. तिथे सर्वसाधारणपणे अंतिम निर्णयापासून सहा महिन्यांत जावे लागते, म्हणून नकाराचे उत्तर आले की ते ट्रंकेत टाकून बसू नका.

आणि जे म्हातारे अजून आपल्यात आहेत त्यांना विचारा, बरोबर कोण होते, कुठली कंपनी, कुठले साल. बोलता बोलता लिहून घ्या, खाली त्यांची सही नाहीतर अंगठा घ्या. आमच्यासारखे दोन-चार जण अर्ज लिहायला येत्या रविवारी सकाळी वंदना झाल्यावर इथे विहारातच बसणार आहोत. येताना डिस्चार्ज बुक, आधार कार्ड आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन या. आजीला आणता आले तर जरूर आणा, तिचे नाव तिच्याच तोंडून लिहून घेऊ.

जयभीम.