जुना हॅम सेट चालू करताना

तुमच्या घरी माळ्यावर वाल्वचा जुना हॅम (हौशी रेडिओचा) सेट असेल, तर तो थेट प्लगला लावू नका. अमेरिकी बनावटीचा असेल तर बहुधा 117 व्होल्टचा. आपल्याकडे येतात 230. मधे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. वर्षानुवर्षं पडून राहिलेले कपॅसिटर एकदम पूर्ण दाब सोसत नाहीत. म्हणून पहिल्यांदा 100 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडा, एलईडी नको. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरू शकतात, जिवावर बेतू शकतं. सेट ज्या टेबलावर ठेवाल, त्यावरच्या सगळ्या यंत्रांना अर्थिंग द्या, एकच मेन स्विच बसवा आणि तो घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.