वाळवी एका घराची नसते
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



तळमजल्यावर आयुष्यातलं पहिलं घर घेतलं. कर्जाचा पहिला हप्ताही गेला नव्हता, तोच चौकटीवर मातीची बारीक रेघ दिसली. ठोकून पाहिलं, तर आतून पोकळ. वाळवी!

नव्या सभासदांनो, नुसती रेघ पुसून काही होत नाही बरं का. वारूळ जमिनीत असतं. रेघ हा तिचा रस्ता. तिला ओल लागते. म्हणून आधी गळती बंद करायची, मग भिंत-फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडायचं. जुन्या इमारतींसाठी आयएस ६३१३ भाग ३ हे मानक आहे; काम तसंच करून मागा.

आमची ओल वरच्या बाथरूममधून येत होती. वरच्या वहिनींनी कुरकूर न करता फरशी फोडू दिली. कमिटीने तळमजल्यावरच्या सगळ्याच घरांत एकदम औषध सोडून घेतलं. एकट्या माझ्याकडे सोडलं असतं, तर ती शेजारच्या भिंतीतून वर आली असती.

तेव्हा घर बघताना टाइल्सआधी चौकटी ठोका, सिंकखाली ओल बघा. आणि रेघ दिसली, तर भाव पडेल म्हणून लपवू नका, कमिटीला सांगा. जमीन आपल्या सगळ्यांची एकच आहे.