ईस्टरची रंगीत अंडी आणि बालकाचा हात
(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरातील भाषण)



ईस्टरच्या सणापूर्वी ख्रिस्ती समाजात चाळीस दिवसांचा उपवासकाल पाळतात. पूर्वी युरोपात या काळात मांसाप्रमाणे अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र उपवास ठाऊक नसे! घरोघर अंडी साठत, आणि सण उजाडला म्हणजे ती रंगवून एकमेकांस देण्यात येत. ग्रीसमध्ये ती तांबडी रंगवितात. जर्मनीत पोकळ टरफले रंगवून झाडांच्या फांद्यांस टांगतात. युक्रेनमध्ये तर या कामास कलेचा दर्जा लाभला असून, २०२४ साली युनेस्कोने तिचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

युक्रेनमध्ये एकाच रंगात उकडलेल्या, खाण्याच्या अंड्यास 'क्राशांका' म्हणतात. मेणाने नक्षी काढून जपून ठेवावयाचे अंडे ते 'पिसांका'. 'लिहिणे' या अर्थाच्या क्रियापदावरून हे नाव आले आहे. पांढऱ्या अंड्यावर वितळलेल्या मेणाने रेघा काढून ते पिवळ्या रंगात बुडवितात; मेणाखालचा भाग पांढराच राहतो. पुन्हा मेण, मग तांबडा रंग. पुन्हा मेण, शेवटी काळा. तोवर अंडे काळवंडलेल्या गोळ्यासारखे दिसते. अखेर ते मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून मेण पुसले, की सर्व रंग एकदम प्रकट होतात.

ज्योत व तापलेले मेण हे लहान मुलांचे काम नव्हे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना उकडून गार केलेल्या अंड्यावर पांढऱ्या मेणखडूने चित्र काढू द्यावे. मग कपभर गरम पाण्यात चमचाभर व्हिनेगर व खाण्याचा रंग मिसळावा, आणि ते कोमट झाल्यावर अंडे त्यात बुडवावे. कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकडल्यासही सुरेख तांबूस रंग चढतो. त्यापूर्वी अंड्यावर लहानसे पान ठेवून ते पातळ फडक्याने घट्ट बांधले, तर पानाचा फिकट ठसा उमटतो. उकडण्याचे काम मोठ्यांनीच करावे. कच्चे अंडे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेले अंडे खाऊ नये. एखाद्या मुलास अंडे बाधते काय, हे आधीच विचारावे. ज्या घरी अंडे वर्ज्य असेल, तेथील मुलास मातीचे अंडे करून रंगवू द्यावे.

यापुढचा भाग शिक्षकाच्या कसोटीचा आहे. पांढऱ्यावर पांढरी रेघ दिसत नाही. मूल गोंधळते आणि म्हणते, "बाई, काहीच उमटत नाही!" अशा वेळी त्याच्या हातातील अंडे घेऊन स्वतःच नीट चित्र काढून देण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. "रंगात बुडव, मग पाहू," एवढेच म्हणावे. वाकडी रेघ, तीनच किरणांचा सूर्य, जे उमटेल ते त्या मुलाचे असेल. शिक्षकाने रेखलेले अंडे अधिक सुबक होईल खरे. पण ते "माझे" म्हणून आईला दाखविताना मुलाच्या मनास खोटेपणाची पहिली सवय लागेल.

अंडे फुटले तर रागावू नये. रंगीत टरफलांचे तुकडे कागदावर डकवून त्यांचेही चित्र करता येते.

हस्तव्यवसायाच्या प्रत्येक तासास हे पथ्य लागू आहे. तपासणी जवळ आली, की मुलांच्या राख्या, आकाशकंदील व मातीची फळे यांवर शिक्षकांचा हात फिरू लागतो. भिंत सजते, पाहुणे प्रसन्न होतात. परंतु आपली वस्तू न ओळखणारे मूल त्याच भिंतीखाली मुकाट्याने उभे असते. त्या भिंतीवर एखादी वाकडी रेघ राहिली, तर तीत शाळेची न्यूनता मानू नये. तेथे मुलाने स्वतः काम केले, याची ती साक्ष होय.